उभ्या निवडुंगाची खतावणी



मागील लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी दोन पत्रे एकाच आशयाची होती. गच्चीवर दिवसभर ऊन असते, मुले परगावी आहेत, आम्हीही वर्षातून दोन-तीन वेळा यात्रेला वा मुलांकडे जातो. तेव्हा पाणी घालायचे विसरले तरी जगेल असे एखादे झाड सुचवावे. अशा वाचकांना मी खांबासारखा सरळ उभा वाढणारा निवडुंग सुचवितो. मात्र एक दुरुस्ती आरंभीच करून ठेवतो. आपण त्याला विसरलो तर तो जगतो, हे खरे. पण आपण केलेली हयगय तो विसरत नाही.

पस्तीस वर्षे बँकेत खतावण्या तपासण्यात गेली. तेथे चुकीची नोंद खोडता येत नाही. उलट नोंद करून हिशेब जुळविता येतो, परंतु मूळ चूक पानावर राहते व दहा वर्षांनी येणाऱ्या तपासनिसालाही दिसते. उभ्या निवडुंगाचे असेच आहे. तो केवळ शेंड्याकडून वाढतो. ज्या वर्षी ऊन-पाणी यथायोग्य मिळाले त्या वर्षीचा भाग जाड व भरदार, ज्या वर्षी उपेक्षा झाली त्या वर्षीचा बारीक. पुढे कितीही निगा राखली तरी बारीक राहिलेला भाग इतर खांबाच्या बरोबरीला येत नाही. जाणकार माणूस असे झाड खालून वर पाहतो आणि मालकाचा इतिहास सांगतो.

माझ्या सांगलीच्या गच्चीवर गेल्या महिन्यापर्यंत साडेसात फुटांचा सेरियस उभा होता. हा लेख लिहिण्याच्या बारा दिवस आधी मी त्याचे तीन तुकडे केले. ते का केले व कसे केले, हे सांगताना या झाडाच्या संगोपनाविषयी जे काही मला ठाऊक आहे ते ओघाने येईलच.

१९९८ साली सोलापूरच्या शाखेत असताना आवारातील कुंपणालगतच्या झाडाचा वीतभर तुकडा आमच्या शिपाईमामांनी वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. रोपवाटिकांत हे झाड ‘सेरियस पेरुव्हियानस’ या नावाने मिळते. नावात पेरू देश असला तरी या नावाखाली विकल्या जाणाऱ्या झाडांचे मूळ दक्षिण अमेरिकेच्या इतर भागांतील आहे. ‘सेरियस’ म्हणजे लॅटिन भाषेत मेणबत्ती. आईला मात्र ही मेणबत्ती पहिल्या दिवसापासून नापसंत होती. “काटेरी झाड दारात नको. घरात भांडणं होतात,” असे तिचे म्हणणे. भांडणे झाली ती बहुधा त्या झाडावरूनच.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे शेताच्या बांधावर दिसणारा तिधारी निवडुंग, शेर किंवा थोर यांचे कॅक्टसशी काहीही नाते नाही. ती युफोर्बियाच्या कुळातील झाडे. कॅक्टस कुळ अमेरिका खंडातील. एखाददुसरा अपवाद सोडला तर जुन्या जगात ते नैसर्गिकरीत्या आढळत नाही. आपला फड्या निवडुंगसुद्धा परदेशातूनच आला आणि येथे माजला. ओळखण्याची खूण सोपी आहे. खऱ्या कॅक्टसचा काट्यांचा झुबका लोकरीसारख्या लहानशा गादीतून निघतो. युफोर्बियाला अशी गादी नसते. युफोर्बियाला जखम झाली की पांढरा चीक येतो. हा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. कित्येक दुकानांत तिधारी युफोर्बिया ‘कॅक्टस’ म्हणूनच विकला जातो. घरात लहान मुले असतील तर खरेदीपूर्वी ती गादी अवश्य पाहावी.

असो. २००३ साली माझी बदली रत्नागिरीस झाली. सोलापूरच्या कोरड्या हवेत मी दर रविवारी पाणी घालत असे व झाड दोन फुटांवर गेले होते. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हे मला भूगोलाच्या पुस्तकातून ठाऊक होते. कुंडीच्या संदर्भात ते सुचले नाही. कुंडी उघड्या सज्जावर राहिली. दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये झाड एका बाजूस कलले. बुंध्याला हात लावला तर बोट आत गेले. कुजका वास सुटला होता. शेजारच्या कृषी खात्यातील गृहस्थांनी सांगितले की वरचा निरोगी भाग ताबडतोब कापून घ्या, खालचा गेला. कापत कापत वर गेलो. प्रत्येक चकतीच्या मध्यभागी तपकिरी वर्तुळ दिसे. स्वच्छ हिरवट-पांढरी चकती लागली तेव्हा हातात दहा इंच उरले होते.

वास्तविक या झाडाची सारी रचनाच पाणी साठविण्यासाठी आहे. खोडावरील उभ्या धारा कागदी पंख्याच्या घड्यांसारख्या असतात. पाणी मिळाले की फुगतात, संपत आले की आत ओढल्या जातात. मुळे मात्र बारीक व नाजूक. कोरडेपणात त्यांचे बारीक तंतू झडून जातात व पाऊस पडताच नवे फुटतात. कोरडेपणा त्यांना परिचित आहे. साचलेले पाणी व हवेचा कोंडमारा त्यांना अपरिचित आहे. म्हणून तहानेने मेलेला निवडुंग मी क्वचितच पाहिला, पाण्याने मेलेले पुष्कळ पाहिले. सेवानिवृत्त माणसाच्या हाती वेळ भरपूर असतो व झारीही असते. अशा घरांत निवडुंगाचे आयुष्य विशेष धोक्यात येते.

पाण्याचे वेळापत्रक विचाराल तर ते दिनदर्शिकेवरून ठरवू नये. बांबूची एक काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसावी, पाच मिनिटांनी काढावी. तिला ओलसर माती चिकटलेली असेल तर झारी परत ठेवून द्यावी. माती तळापर्यंत सुकली असेल तर मात्र कपभर पाणी शिंपडून वेळ मारून नेऊ नये. तळाच्या छिद्रातून वाहीपर्यंत भरपूर घालावे आणि पुन्हा सुकेपर्यंत थांबावे. सांगलीच्या हवेत माझ्याकडे मार्च ते मे या काळात हे अंतर आठ-दहा दिवसांचे पडते, हिवाळ्यात तीन आठवड्यांचे. जून ते सप्टेंबर कुंड्या पत्र्याखाली असतात. तेव्हा महिन्यातून एकदा, तेही सलग दोन-चार दिवस उघडीप असेल तर. कोकणातील वाचकांनी पावसाळ्यात पाण्याचा विचारच सोडून द्यावा, हवेतील ओल पुरेशी असते. बशी कुंडीखाली ठेवू नये. पाहुण्यांसाठी ठेवायचीच असेल तर पाहुणे गेल्यावर काढावी.

मातीविषयी. कृष्णाकाठची आमची काळी माती उसाला उत्तम, निवडुंगाला घातक. ती पाणी धरून ठेवते आणि सुकली की दगडासारखी आवळते. मी एक भाग तांबडी माती, एक भाग चाळून धुतलेली जाड वाळू किंवा क्रशरवरची बारीक खडी, एक भाग विटांचे वाटाण्याएवढे तुकडे आणि अर्धा भाग जुने, कुजून भुगा झालेले खत घेतो. मूठभर लोणारी कोळसा घालतो. मिश्रण ओले करून मुठीत दाबावे. मूठ उघडताच ढेकूळ फुटले पाहिजे. रोपवाटिकेतील झाडे बहुधा कोकोपीटमध्ये असतात. वाहतुकीला ते हलके पडते. परंतु एकदा कडक सुकले की पाणी घेत नाही, आणि भिजले की मध्यभागी दिवसेंदिवस ओले राहते. म्हणून झाड आणल्यावर पंधरवड्यात ते काढून टाकावे आणि नव्या मातीत बसविल्यावर पहिला आठवडाभर पाणी देऊ नये, म्हणजे तुटलेल्या मुळांच्या जखमा भरतात. कुंडी मातीची घ्यावी, बुडाशी रुंद व वजनदार. झाड उंच आणि कुंडी हलकी असली की पहिल्या वळिवात दोन्ही आडवी होतात. झाड उचलताना वर्तमानपत्राची चार पदरी लांब घडी खांबाभोवती गुंडाळून तिची दोन्ही टोके मुठीत धरावीत. हातमोज्यांपेक्षा हा उपाय सरस आहे.

खताच्या बाबतीत बागकामाची बहुतेक पुस्तके हाडांच्या चुऱ्याची शिफारस करतात. आपल्या घरांत ते येण्याचे कारण नाही व त्यावाचून काही अडतही नाही. मार्च व जुलैमध्ये चिमूटभर सिंगल सुपर फॉस्फेट आणि त्याच्या निम्मे पोटॅश एवढे पुरते. युरिया मुळीच नको. त्याने झाड भराभर फुगते, आतून पोचट राहते व कीड त्यावर आधी बसते.

किडीचा विषय निघालाच आहे, तर त्यावर थोडे थांबतो, कारण औषध फवारावे की नाही हा प्रश्न आपल्या घरांत केवळ बागकामाचा राहत नाही. उभ्या निवडुंगावर प्रामुख्याने पिठ्या ढेकूण येतो. धारांच्या खाचांत कापसासारखे पांढरे ठिपके दिसतात. मुंग्या त्याच्या गोड द्रवासाठी त्याला सांभाळतात, तेव्हा कुंडीवर मुंग्यांची रांग लागली की खाचा तपासाव्यात. सुरुवातीस पाण्याची जोरदार धार आणि मऊ कुंचला यांनी तो निघून जातो. निंबोळी तेल ‘नैसर्गिक’ म्हणून निर्धोक समजणाऱ्यांना नम्रपणे सांगावेसे वाटते की त्यानेही जीव मरतात. ‘नैसर्गिक’ हा शब्द आपल्या मनाच्या समाधानापुरता आहे. माझा भर कीड येऊच नये यावर. नवे झाड महिनाभर इतरांपासून दूर ठेवतो, कुंड्यांमध्ये हातभर अंतर राखतो, वारा खेळता ठेवतो. तरीही २०२१ साली एका लहान झाडावर मुळांपर्यंत पिठ्या ढेकूण गेला. मी फवारणी केली नाही. ते झाड गेले, आणि मी वेळीच दूर न केल्याने शेजारची दोन झाडेही गेली. मी योग्य केले असा माझा दावा नाही. त्या दोन झाडांचा विचार माझ्या मनातून अद्याप गेलेला नाही.

बुंध्याशी खांब तपकिरी होऊ लागला की अनेकजण घाबरतात. हाताने दाबून पाहावे. कडक, सालीसारखा लागला तर ते वय आहे, रोग नव्हे; वाढत्या वजनासाठी झाड स्वतःचा बुंधा लाकडासारखा करून घेते. मऊ लागला तर मात्र माझा रत्नागिरीचा अनुभव आठवावा.

आता उन्हाविषयी. येथे मला जे सांगायचे आहे ते थोडे घरगुती आहे. वाचकांनी क्षमा करावी.

२०१५ पर्यंत ते दहा इंचांचे झाड चार फुटांचे झाले होते. बदल्यांच्या काळात त्याने सहा घरे पाहिली. दर वेळी ट्रकमध्ये सामान चढविणारे लोक आधी कुंडीकडे, मग माझ्याकडे पाहत. सांगलीस स्थिरावल्यावर ते गच्चीच्या आग्नेय कोपऱ्यात आले आणि मनगटांच्या जुडीएवढे जाड झाले. त्या वर्षीच्या जुलैत आई न्हाणीघरात पडली. मांडीचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, परंतु ती पुन्हा चालली नाही. तिची खोली उत्तरेकडची. पलंगावरून तिला समोरची भिंत आणि अर्धी खिडकी दिसे. महिनाभराने एक दिवस ती म्हणाली, “ते तुझं काटेरी इथं आणून ठेव की. भिंतीकडं बघून बघून कंटाळा आला.”

सतरा वर्षे जिने त्या झाडाला दारात उभे केले नव्हते तिने ते खोलीत मागितले. मी व माळीमामांनी कुंडी खिडकीशी आणून ठेवली.

आता त्यामागचे शास्त्र. उभ्या निवडुंगाला दिवसाचे निदान पाच-सहा तास थेट ऊन लागते. उत्तरेच्या खिडकीत उजेड असतो, ऊन नसते. झाड तेव्हा प्रकाशाच्या शोधात भराभर उंच जाते. पण ही उंची उसनवारीची असते. नवा भाग फिकट पोपटी, बारीक, काटे विरळ व केसासारखे. आईला मात्र हे फार आवडे. रोज सकाळी ती शेंड्याकडे पाही. “माझ्या खोलीत आल्यापासून बघ कसं भराभरा वाढतंय. वर तुझ्या गच्चीवर उन्हात करपत होतं,” असे येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगे. तिला भेटायला येणाऱ्या बायकांनीही ते कौतुकाने पाहिले. मला दिसत होते की झाड बिघडते आहे. एकदा सौभाग्यवतींनी विचारले, “अहो, निदान आठवड्यातून एकदा उन्हात नेऊ या का?” मी नको म्हटले. नेले असते तर आईने कारण विचारले असते.

अकरा महिने ते तेथे होते. २०१६ च्या जूनमध्ये आई गेली. दिवस झाल्यावर मी कुंडी पुन्हा वर नेली, तेव्हा खांबाच्या टोकाला सात इंचांचा, अंगठ्याहून थोडा जाड असा भाग तयार झाला होता.

सावलीतले झाड एकदम उन्हात ठेवू नये, हे येथेच सांगतो. माणसाप्रमाणे त्यालाही ऊन लागते. कातडी आधी पिवळी, मग पांढरी, शेवटी खरबरीत तपकिरी होते, आणि हा डागही कायमचा. रोपवाटिकेतील झाडे शेडनेटखाली वाढलेली असतात. तीही घरी आणल्याबरोबर एप्रिलच्या गच्चीवर ठेवणे म्हणजे शिक्षा आहे. पहिला आठवडा सकाळचे तासभर ऊन, मग दोन तास, असे करीत महिनाभराने पूर्ण ऊन द्यावे. कुंडीची जी बाजू दक्षिणेकडे होती तिच्यावर खडूने खूण करून ठेवावी व जागा बदलली तरी ती बाजू दक्षिणेकडेच राखावी. मी त्या वर्षी पावसाळी ढगांचा लाभ घेऊन हे केले. वरचा नवा भाग पुन्हा जाड येऊ लागला. मधली सात इंचांची कंबर मात्र तशीच राहिली.

२०१८ च्या जूनमध्ये झाडास पहिले फूल आले. वीतभर रुंद, पांढरे, रात्री आठच्या सुमारास उमलणारे आणि सकाळी ऊन वर येताच मिटून जाणारे. त्याच्या मूळ देशांत पतंग व वटवाघळे त्याच्याकडे येतात, म्हणून सारा व्यवहार रात्रीचा. आमची आळी त्या रात्री गच्चीवर लोटली होती. फळ धरले नाही. एकटे झाड सहसा धरत नाही, आणि त्याच झाडाच्या तुकड्यापासून केलेले दुसरे झाडही त्याला परके ठरत नाही. आपल्या जिल्ह्यातील दुष्काळी पट्ट्यात आता ज्याच्या बागा दिसतात ते ड्रॅगन फ्रूटही याच कुळातले, आणि त्याचेही फूल रात्रीच उमलते.

फुलाचीच काय, या झाडाची श्वासाची वेळसुद्धा रात्रीची. आपल्याकडे सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्याची रीत. निवडुंगाचा रिवाज निराळा. दिवसा रंध्रे उघडली तर साठवलेले पाणी उडून जाईल, म्हणून तो ती रात्री उघडतो, हवेतील कर्बवायू आत घेतो व आम्लाच्या रूपाने साठवितो. दिवसा रंध्रे मिटून उन्हात त्याची साखर करतो. शिधा रात्री भरायचा आणि स्वयंपाक मात्र दिवसाउजेडी, असा हा संसार आहे.

ज्यांना सेरियसव्यतिरिक्त काही लावायचे असेल त्यांच्यासाठी चार शब्द. ब्राझीलचा पिलोसोसेरियस निळसर रंगामुळे फार देखणा. त्याला ऊन हवे आणि थंडीत पाणी अगदी कमी. मेक्सिकोचा सेफालोसेरियस सेनिलिस अंगभर पांढरे केस बाळगतो. आमच्या वयाच्या मंडळींना तो आपलासा वाटतो, परंतु केसांवर पाणी ओतू नये व पावसाळ्यात तो फार जपावा लागतो. मेक्सिकोतच ज्याची कुंपणे करतात तो पॅकिसेरियस मार्जिनॅटस नवशिक्यांना चांगला. चित्रपटांतून दिसणारा, हात वर केलेला अमेरिकी वाळवंटातील सग्वारो मात्र हौसेने मागू नये. अमेरिकी पोलादसम्राट कार्नेगी यांचे नाव मिरविणारा हा निवडुंग पहिल्या आठ वर्षांत इंच-दीड इंच वाढतो आणि त्याला पहिला हात फुटायला पन्नास-पाऊणशे वर्षे लागतात. इतक्या मुदतीची ठेव आमच्या वयाच्या माणसाने स्वतःच्या नावे ठेवू नये, नातवंडांच्या नावे ठेवावी. ज्यांना निरनिराळे निवडुंग एकत्र पाहायचे असतील त्यांनी उत्तरेच्या यात्रेत हरियाणातील पंचकुला येथे एक दिवस काढावा. तेथील राष्ट्रीय निवडुंग उद्यान सात एकरांत पसरलेले आहे. खरेदी करताना शेंड्यावर चिकटविलेली सुकी रंगीत फुले पाहून भुलू नये. ती गरम डिंकाने चिकटवितात व तो डिंक वाढीचा बिंदूच जाळतो.

आता तीन तुकड्यांविषयी.

कंबरेच्या वर आता जवळजवळ तीन फुटांचा जाडजूड खांब आला होता. सारा भार त्या सात इंचांवर. गेल्या मे महिन्यातील वळिवात तो इतका हेलकावला की मी रात्री दोन वाजता गच्चीवर जाऊन बांबू बांधला. पत्र्याची उंची आठ फूट. या पावसाळ्यात झाड त्याखाली मावले नसते. कापणे अपरिहार्य होते व त्यासाठी फेब्रुवारी हा उत्तम काळ. हवा कोरडी असते आणि पुढे वाढीचे दिवस येतात. पावसाळ्यात कापू नये. जखम सुकत नाही.

कोठे कापावे, याविषयी शास्त्र स्पष्ट आहे. कापलेल्या खांबाला कापाच्या जरा खालच्या गाद्यांतून दोन-चार फांद्या फुटतात. त्या बारीक भागातून फुटल्या तर पुढे स्वतःच्या भाराने मोडतील. म्हणून कंबरेच्या खाली, भरदार भागात कापावे. वरच्या खांबाचाही बारीक बूड ठेवू नये, कारण मुळे त्या बुडातून यायची असतात. म्हणजे कंबर दोन्हीकडून निघते. पुस्तकाप्रमाणे तो भाग खतात जातो.

बारीक दातांची करवत स्पिरिटने पुसून घेतली. स्वयंपाकघरातील सुरी सौभाग्यवतींनी दिली नाही व ते योग्यच होते. वरचा खांब जुन्या गोणपाटात गुंडाळून माळीमामांनी धरला, मी आधी कंबरेच्या वर कापले, मग खाली. आत सगळीकडे स्वच्छ हिरवट-पांढरे होते, मध्यभागी बारीक काष्ठाचे वर्तुळ. वरच्या तुकड्याच्या बुडाच्या कडा पेन्सिलीसारख्या थोड्या तासल्या, कारण सुकताना मध्यभाग आत ओढला जातो, आणि कडा तशाच ठेवल्या तर त्याच जमिनीला टेकतात. मुळे तर मधल्या वर्तुळातून येतात. कापांवर गंधकाची पूड लावली. वरचा तुकडा रिकाम्या कुंडीत उभा ठेवला आहे. आडवा ठेवू नये. शेंडा उजेडाकडे वळतो व खांब वाकतो. इतक्या जाडीला चार आठवडे सावलीत सुकू द्यावे. मग कोरड्या मातीत दोन-तीन इंच बसवून बांबूचा आधार द्यावा, आणि हलकेच हलवून पाहिल्यावर मुळांचा ताण लागेपर्यंत पाणी जवळपास देऊच नये. खालच्या चार फुटांच्या खांबावर उताराचा काप आहे, म्हणजे पाणी साचणार नाही. फुटवे मे-जूनपर्यंत यावेत.

मधला सात इंचांचा तुकडा माळीमामांनी उचलून खताच्या पिंपाकडे नेला. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, तो नका टाकू.”

दोन्ही टोकांना कापलेल्या तुकड्याची वरची बाजू कोणती हे नंतर कळत नाही, म्हणून खडूने त्यावर बाण काढून घेतला. उलटा लावला तर जगत नाही. सध्या तो चहाच्या कपाएवढ्या मातीच्या कुंडीत, मातीशिवाय, नुसता उभा आहे. पूर्वेच्या खिडकीत, जेथे सकाळचे ऊन येते. इतक्या बारीक, उसनवारीवर वाढलेल्या भागाला मुळे फुटण्याचा संभव कमीच, परंतु काप सुरेख सुकतो आहे. तीन आठवडे भरले की मातीत बसवीन, त्यानंतर आठवडाभर थांबेन. पहिले पाणी द्यायला अजून सोळा दिवस आहेत.